प्रत्येक संधी पकडू नका! पोहणाऱ्या पोरांच्या उन्हाळ्याने मला शिकवलेला धडा



व्हिडिओत मी नेहमी हसत-खेळत बोलतो. आज लिहिताना मात्र स्वतःचीच जरा कानउघाडणी करायची आहे. दोन वर्षांपूर्वी एका व्हिडिओत मी छाती ठोकून सांगितलं होतं, "नवीन माणसाने एकही संधी सोडायची नाही. बोलावतील तिथे जा, स्टॉल लावा, ऑर्डर घ्या, बाकीचं नंतर बघू." तो व्हिडिओ तुम्हाला खूप आवडला. अजूनही कोणी भेटलं की त्यातलंच वाक्य मला ऐकवतं.

तो सल्ला मी आज मागे घेतोय. कारण मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः तो तंतोतंत पाळला. दुकानातही आणि घरातही. दुकानात पन्नास हजारांचा फटका बसला. घरात काय झालं, ते पैशात मोजता येत नाही. दोन्ही सांगतो.

फळ्यावरचा एक गोल

माझं दुकान तुम्हाला माहीत आहे. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, त्यात शाळेचे गणवेश आणि खेळाच्या कपड्यांचं दुकान. आबांनी सुरू केलं, बीबीए झाल्यावर मी बसायला लागलो. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. नदीकाठचं गाव म्हटल्यावर पोहणं घरोघरी, पण ती गावातल्या तलावावर टीममध्ये पोहते. चौदा मुलं आहेत टीममध्ये. पहाटे साडेपाचला सराव, संध्याकाळी परत.

परीक्षा संपल्या आणि सरांनी तलावावरच्या फळ्यावर उन्हाळ्याचं वेळापत्रक लिहिलं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सहा स्पर्धा. दोन आमच्याच भागातल्या क्लबच्या, दोन शेजारच्या जिल्ह्यातल्या खुल्या स्पर्धा, एक जिल्ह्याची निवड चाचणी आणि शेवटी पुण्याला बालेवाडीत राज्य पातळीची. बालेवाडीचं क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. तिथला तलाव ५० मीटरचा, ऑलिंपिकच्या मापाचा. आमच्या २५ मीटरच्या तलावात वाढलेल्या पोरांना तिथे पलीकडची भिंतच दिसत नाही म्हणतात.

सहा स्पर्धा लिहून झाल्यावर सरांनी फक्त एका नावाभोवती गोल काढला. बालेवाडी. बाकी पाच नावांपुढे एकेक शब्द लिहिला: स्टार्ट, टर्न, रिले, ५० मीटर, निवड. बस. कुठेही 'मेडल' लिहिलं नव्हतं.

मी व्यापारी माणूस. मला वाटलं, सहा ठिकाणी जाणार, सहा ठिकाणी गाडीभाडं भरणार, मग सहाही ठिकाणी मेडलसाठीच का नाही पोहायचं?

"ही स्पर्धा मी सरावात धरलीय"

मे महिन्याच्या सुरुवातीला तिसरी स्पर्धा होती. तिच्या आदल्या संध्याकाळी सरांनी पोरांकडून रोजच्यासारखाच तीन किलोमीटर सराव करून घेतला. दुसऱ्या दिवशी आमची पोरं दमलेली. बाकीच्या टीमची मुलं ताजीतवानी. व्हायचं तेच झालं, आमची बहुतेक पोरं मागे राहिली. त्यात रिलेमध्ये एक मुलगा घाईत लवकर उडाला आणि सगळी टीम बाद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिलेमध्ये आधीचा जलतरणपटू भिंतीला हात लावेपर्यंत पुढच्याचे पाय ब्लॉकवरून सुटता कामा नयेत. सुटले की चौघांचीही मेहनत पाण्यात.

पालक चिडले. सगळ्यात पुढे मी. म्हटलं, "सर, स्पर्धेच्या आदल्या दिवशी एवढा सराव कोण घेतं?"

सर शांतपणे म्हणाले, "शेठ, ही स्पर्धा मी सरावात धरलीय. प्रत्येक स्पर्धेआधी विश्रांती देत बसलो तर मे महिन्यात पोरं पोहणार कधी? आणि रिलेची चूक इथे झाली ते बरंच झालं. इथे स्वस्त पडली."

पोहण्याच्या प्रशिक्षणात 'टेपर' नावाची गोष्ट असते. मुख्य स्पर्धेच्या साधारण दोन-तीन आठवडे आधीपासून सरावाचं अंतर हळूहळू कमी करत आणायचं, पण वेग टिकवून ठेवायचा. महिनोन् महिने मेहनत करून शरीरात जो थकवा साठलेला असतो, तो या काळात उतरतो आणि खरी ताकद वर येते. पण टेपर वरचेवर घेता येत नाही. दर रविवारी टेपर घ्यायचा म्हटलं तर सरावच बुडतो. म्हणून मुख्य स्पर्धा कोणती, हे आधीच ठरवावं लागतं. बाकीच्या स्पर्धांत थकलेल्या अंगाने उतरायचं आणि मागे राहायची तयारी ठेवायची.

दुसऱ्या दिवसापासून रोज वीस मिनिटं नुसता रिलेच्या अदलाबदलीचा सराव सुरू झाला. मला काही ते पटलं नाही. मी काय केलं? सरांना न विचारता मुलीचं नाव आणखी दोन रविवारच्या स्पर्धांत घातलं. म्हटलं, संधी आहे, सोडायची कशाला?

तिकडे दुकानात काय चाललं होतं

आता गंमत बघा. मी ज्या महिन्यात मुलीला स्पर्धेमागून स्पर्धेला पळवत होतो, त्याच महिन्यात दुकानही तसंच पळवत होतो.

या स्पर्धांच्या ठिकाणी पालकांची गर्दी असते, म्हणून मी तिथे कॉस्च्युम, गॉगल, टोप्या, टी-शर्टचे स्टॉल लावायला सुरुवात केली. त्यासाठी १,६०,००० रुपयांचा माल भरला. चार स्टॉल लावले. प्रत्येक स्टॉलचा हिशोब सरासरी असा:

- विक्री: ३२,००० रुपये
- त्यावर ३० टक्के मार्जिन: ९,६०० रुपये
- स्टॉलचं भाडं: ५,००० रुपये
- गाडी आणि डिझेल: २,५०० रुपये
- दोन पोरांची मजुरी आणि जेवण: २,४०० रुपये
- एकूण खर्च: ९,९०० रुपये

म्हणजे ३२ हजारांचा धंदा करून मी दर वेळी ३०० रुपये घालवून घरी येत होतो. माझा रविवार गेला तो वेगळाच. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, हा हिशोब मी जुलैमध्ये मांडला. तोपर्यंत गल्ल्यात नोटा दिसत होत्या, एवढ्यावरच खूश होतो. हातात रोकड दिसणं आणि नफा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मीच तुम्हाला शिकवतो!

पण खरं नुकसान ३०० रुपयांचं नव्हतं. चार स्टॉल होऊन साधारण ७० हजारांचा माल पडून राहिला. आणि गणवेशाच्या दुकानाचा खरा सीझन कधी असतो? जूनमध्ये. शाळा उघडायच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा. वर्षभराचा संसार त्या पंधरा दिवसांवर चालतो. आमचा माल सोलापूरहून येतो. तीन लाखांची ऑर्डर, त्यातले १,२०,००० रुपये ॲडव्हान्स १० मेपर्यंत पोहोचवावे लागतात. माझ्या हातात तेव्हा होते पन्नास हजार. बाकीचे सत्तर हजार गॉगल आणि टोप्यांच्या रूपात खोक्यात बसलेले.

आबा तेव्हा म्हणाले होते, "अरे, आपला सीझन एकच असतो. तू बारा महिने सीझन करायला निघालास." मी म्हटलं, "आबा, तुमचा काळ वेगळा होता."

ॲडव्हान्स गेला २८ मेला. माल ८ जूनऐवजी २२ जूनला आला. तोपर्यंत शाळा उघडल्या होत्या. २८, ३०, ३२ ही रोजची मापं दुकानात नाहीत आणि आया पोरांना हाताला धरून समोरच्या दुकानात जातायत, हे मी काउंटरवर बसून बघितलं. आदल्या वर्षी जूनमध्ये ७४० जोड गेले होते, मागच्या वर्षी ४६०. जोडामागे १८० रुपये सुटतात. २८० जोड कमी म्हणजे ५०,४०० रुपये. आणि एकदा समोरच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक धाकट्या भावंडाचा गणवेशही तिथूनच घेतं, ते तर हिशोबात धरलेलंच नाही.

बालेवाडी

आता घरातलं.

मी वाढवलेल्या दोन स्पर्धा धरून मुलीच्या आठ स्पर्धा झाल्या असत्या. सातवीपर्यंत तिचा खांदा दुखायला लागला होता. सरांना ते कळलं, तेव्हा त्यांनी बालेवाडीच्या तीन प्रकारांतला एक काढून टाकला. मला काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

बाकीची तेरा मुलं टेपर घेऊन आली होती. पाण्यात उतरली की वेगळीच दिसत होती. मे महिन्यात मागे राहिलेली तीच पोरं, पण बहुतेकांनी आपापली सगळ्यात चांगली वेळ नोंदवली. रिलेमध्ये तोच मुलगा तिसरा होता. हात भिंतीला लागल्यावरच सुटला, अगदी नेमका.

माझी मुलगी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला उतरली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. तिला हे झोपेतही माहीत आहे. पण पहिले ५० मीटर संपताना दमलेल्या खांद्याने दगा दिला, एकच हात आधी लागला. बाद. पुढे ५० मीटरच्या प्रकारात तिची वेळ मे महिन्यात तशाच ५० मीटरच्या तलावात दिलेल्या वेळेपेक्षा तीन सेकंदांनी जास्त आली. पोहण्यात तीन सेकंद म्हणजे काय, हे सांगायला एकच उदाहरण पुरे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सने १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणणार होतो, काही नाही बाळा, पुढच्या वेळी. त्याआधी तिनेच विचारलं, "पप्पा, आता पुढच्या रविवारी सुट्टी आहे ना?"

ती बाद झाली म्हणून रडली नव्हती. तिला फक्त सुट्टी हवी होती. पोहायला आवडणारं पोर सुट्टी मागत होतं, आणि ती वेळ मीच आणली होती.

सोडणं हीसुद्धा तयारीच असते

त्यानंतर मी बरंच वाचलं, बघितलं. आपल्याला वाटतं की मोठी माणसं सगळंच करतात म्हणून मोठी होतात. फेल्प्सचंच घ्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकआधी अमेरिकेच्या निवड चाचणीत तो सहा वैयक्तिक प्रकारांत पात्र ठरला होता. त्यातला २०० मीटर बॅकस्ट्रोक त्याने सोडून दिला. हातात आलेली ऑलिंपिकची जागा सोडली! पाच वैयक्तिक प्रकार आणि रिले यांत उतरला आणि सहा सुवर्ण, दोन कांस्य घेऊन आला.

त्याच अथेन्समध्ये आणखी एक गोष्ट घडली. १०० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने आपलाच संघसहकारी इयान क्रॉकरला हरवलं. त्यामुळे मेडली रिलेच्या अंतिम फेरीतली बटरफ्लायची जागा फेल्प्सची होती. त्याने ती क्रॉकरला दिली. अमेरिकेने विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं आणि प्राथमिक फेरीत पोहल्यामुळे फेल्प्सलाही पदक मिळालं. 'माझ्याशिवाय काउंटर कोण सांभाळणार' म्हणत घरच्या माणसावरही गल्ला न सोपवणाऱ्या आपल्यासारख्या दुकानदारांनी ही गोष्ट लिहून ठेवावी.

अलीकडचं उदाहरण केटी लेडेकीचं. २०२४ च्या निवड चाचणीत तिने २०० मीटर फ्रीस्टाईल जिंकली होती. तरीही पॅरिसला हा वैयक्तिक प्रकार ती पोहली नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतींवर जोर दिला आणि ८०० व १५०० मीटरमध्ये सुवर्ण मिळवलं.

जिला जिंकता येतं ती गोष्ट सोडायची, याला धाडस लागतं. आपण तर ज्यात ३०० रुपये तोटा आहे तीही सोडत नाही!

"पण साहेब, आमचं भाडं कोण भरणार?"

हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. नवीन उद्योजकाला महिन्याचं भाडं, हप्ता, घरखर्च असतो. दारात आलेल्या ऑर्डरला नाही म्हणणं सोपं नाही. म्हणून माझं म्हणणं नीट समजून घ्या.

रोजचं काउंटर, रोजची भाजीपोळीची ऑर्डर, रोजचं शिवणकाम हा तुमचा पहाटेचा सराव आहे. तो सोडायचा नाहीच. त्यावर घर चालतं. मी बोलतोय ते त्यावरच्या जादा धावपळीबद्दल: प्रदर्शनं, स्टॉल, सेल, नवीन प्रॉडक्ट, नवीन शहर, कोणीतरी सांगितलं म्हणून सुरू केलेलं दुसरं दुकान.

दुसरा प्रश्न याहून चांगला आहे. "सर, मला अजून माहीतच नाही की माझी मुख्य स्पर्धा कोणती. मग चार ठिकाणी प्रयत्न करायचे नाहीत का?" करायचे. जरूर करायचे. पहिल्या वर्षी तर करायलाच हवेत. आमच्या टीमनेही पाच छोट्या स्पर्धा केल्याच की! फरक एवढाच की त्या छोट्या आहेत, हे सरांना आधी माहीत होतं. त्यांनी प्रत्येकीकडून एकच गोष्ट मागितली. मी प्रत्येक स्टॉलकडून सगळंच मागितलं: नफा, नाव, नवीन गिऱ्हाईक, फोटो. आणि मुख्य सीझनचं भांडवल त्यात घातलं. चूक तिथे झाली.

आणखी एक चूक सांगतो, ती बऱ्याच जणांची होते. २५ मीटरच्या तलावातली वेळ आणि ५० मीटरच्या तलावातली वेळ यांची तुलना करत नाहीत. छोट्या तलावात वळणं जास्त, दर वळणाला भिंतीला पाय मारून वेग मिळतो, म्हणून वेळ चांगली दिसते. धंद्यातही तसंच. प्रदर्शनातल्या रविवारची विक्री बघून मंगळवारच्या दुकानाला नावं ठेवू नका. आणि पुण्या-मुंबईच्या माणसाचा आकडा ऐकून तालुक्याच्या गावात स्वतःला कमी समजू नका. आधी विचारा, त्याचा तलाव किती मीटरचा?

या वर्षी मी काय केलं

फेब्रुवारीत एक कागद घेतला आणि सरांच्या फळ्यासारखंच केलं. तुम्हीही हे आज रात्री करू शकता.

१. सगळं लिहा. पुढच्या सहा महिन्यांत येणारी प्रत्येक संधी लिहा. सण, शाळा, लग्नसराई, जत्रा, प्रदर्शन, जे असेल ते.

२. एकाच नावाभोवती गोल काढा. ज्या पंधरा-वीस दिवसांवर तुमचं वर्ष अवलंबून आहे, ते दिवस. फराळ करणाऱ्या ताईंची दिवाळी, गणपतीच्या मूर्तीवाल्यांचा भाद्रपद, माझा जून. दोन गोल काढावेसे वाटले, तर दोन्हींमध्ये टेपरला जागा राहील एवढं अंतर आहे का, ते बघा.

३. गोलाचे पैसे आधी बाजूला काढा. मी एप्रिलमध्येच १,२०,००० वेगळ्या खात्यात ठेवले. बाकी काहीही होवो, त्याला हात नाही. आबांनी पासबुक स्वतःच्या कपाटात ठेवलं, ते वेगळं सांगायला नको.

४. बाकीच्यांपुढे एकेक शब्द लिहा. या वर्षी मी एकच स्टॉल घेतला. त्याच्यापुढे शब्द लिहिला 'मापं'. कोणत्या वयाच्या मुलांना कोणत्या मापाचा कॉस्च्युम लागतो, एवढंच शिकायचं होतं. १५,००० रुपयांचा माल नेला, खर्च आधी ठरवला. विक्री कमी झाली, पण पुढच्या वर्षी काय भरायचं ते कळलं.

५. स्वस्तात चुका. बिलिंगचं नवीन सॉफ्टवेअर, नवीन पोरगा, नवीन ऑफर, जे काही आजमावायचं ते गोलाच्या आधी आजमावा. जूनच्या गर्दीत नवीन मुलाला काउंटरवर बसवणं म्हणजे रिलेत न शिकवता उडी मारायला सांगणं. या वर्षी माझ्या बायकोने आणि दुकानातल्या मुलाने मे महिन्यातच गल्ला बदलायचा सराव केला: कोण बिल करणार, कोण माप काढणार, कोण पैसे घेणार.

६. टेपर घ्या. २० मेनंतर मी बाहेरचं एकही काम घेतलं नाही. व्हिडिओसुद्धा कमी टाकले, तुमच्यातल्या काहींनी विचारलंही. त्या काळात फक्त माल लावणं, मापांच्या याद्या, शाळांकडून पटसंख्या आणणं आणि वेळेवर झोपणं.

निकाल

माल ९ जूनला आला. ६९० जोड गेले. आदल्या वर्षीच्या ४६० पेक्षा चांगले, पण त्याच्या आधीच्या ७४० पर्यंत अजून पोहोचलो नाही. समोर गेलेले सगळे परत आलेले नाहीत. एका उन्हाळ्यात गेलेलं गिऱ्हाईक एका उन्हाळ्यात परत येत नसतं, हेही शिकलो.

मुलगी या वर्षी पाच स्पर्धांना गेली. सगळ्या सरांनी ठरवलेल्या. एका स्पर्धेच्या वेळी एका ओळखीच्या पालकांनी मला विचारलं, "तुमची पुढच्या रविवारच्या स्पर्धेला नाही का? माझा तर जाणार आहे." माझी जीभ वळवळली. मी मुलीकडे बघितलं. ती मैत्रिणीबरोबर भेळ खात होती. म्हटलं, "नाही, तिचा सराव आहे."

राज्य स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत गेली नाही. पण १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकदम लागले आणि स्वतःची सगळ्यात चांगली वेळ तिने दिली. घरी येताना गाडीत तिने विचारलं, "पप्पा, तलाव परत कधी सुरू होणार?"

मंडळी, संधी कमी असतात म्हणून आपले लोक धंद्यात मागे राहतात, असं मी आजवर सांगत आलो. आता मला वाटतं, निम्म्या लोकांना संधी कमी पडत नाहीत, जास्त होतात. हाती थोडंसं भांडवल, दोन हात, एक घर. ते आठ ठिकाणी वाटलं की ज्या एका दिवशी लागतं, त्या दिवशी शिल्लक राहत नाही. माझं हे मत कोणाला भित्रेपणाचं वाटेल. वाटू दे. मी दोन्ही बाजूंनी करून बघितलंय आणि दोन्हींचे आकडे तुमच्यासमोर ठेवलेत.

कागद घ्या, गोल काढा. आणि गोल काढल्यावर घरच्यांना दाखवा, कारण मोह झाला की हात धरणारं कोणीतरी लागतं. माझ्याकडे आबा आहेत आणि तलावावरचे सर आहेत.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!